कॉमिक कॉनला जाताय? आधी आर्टिस्ट अ‍ॅलीत जा

मुंबईत कॉमिक कॉनची, म्हणजे कॉमिक्स आणि त्यांच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्याची, तारीख जाहीर झाली की ओळखीतल्या दोघा-तिघांचा तरी मेसेज येतोच, यंदा जायचं का, कोण येणारेय, तिकीट किती. मी सगळ्यांना एकच सांगते, जा, पण आत शिरल्यावर मोठ्या स्टेजकडे पळू नका, आधी आर्टिस्ट अ‍ॅली कुठेय ते विचारा आणि सरळ तिकडे चालू लागा. आर्टिस्ट अ‍ॅली म्हणजे टेबलांच्या लांब रांगा, प्रत्येक टेबलामागे एक-दोन चित्रकार, समोर त्यांनी स्वतः काढलेली कॉमिक्स, प्रिंट, स्टिकर, बुकमार्क. अख्ख्या हॉलमध्ये हीच एक जागा अशी आहे जिथे चित्र आणि ते काढणारा हात तुम्हाला एकाच वेळी बघायला मिळतो, आणि नेमकी हीच जागा बहुतेक लोक संध्याकाळी, पाय दुखायला लागल्यावर, निघता निघता बघतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आपल्याकडे कॉमिक कॉन तसं अलीकडचं. पहिलं भरलं दिल्लीत, फेब्रुवारी २०११ मध्ये, दिल्ली हाटला, आणि त्याच वर्षी मुंबईतही झालं. मग बरीच वर्षं मुंबईचं कॉन गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात भरायचं, नंतर बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातही झालं, त्यामुळे जागा गेल्या वर्षीचीच असेल असं धरून चालू नका, तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. पुण्यातही होतं. याशिवाय इंडी कॉमिक्स फेस्ट नावाचा एक छोटा मेळावा वेगवेगळ्या शहरांत भरतो, मुंबईतही भरलाय, तिथे फक्त स्वतःचं कॉमिक स्वतः छापून विकणारी मंडळी असतात, मोठे ब्रँड नाहीत, कानठळ्या बसवणारा स्टेज नाही. पहिल्यांदाच जाणार असाल आणि गर्दीचा त्रास होत असेल तर मी म्हणेन आधी अशा छोट्या मेळाव्यापासून सुरू करा, तिथे चित्रकाराशी अर्धा तास गप्पा मारता येतात, मागून कोणी ढकलत नाही.

जायच्या आधी घरी तासभर काढा. आयोजक बहुतेक वेळा कोणकोणते आर्टिस्ट बसणार आहेत ते आधी सोशल मीडियावर टाकतात, आर्टिस्ट पण स्वतःच्या इन्स्टावर टेबल नंबर टाकतात. ती सगळी नावं उघडून बघा, ज्यांचं काम बघून स्क्रोल करणारा अंगठा थांबला असे सात-आठ जण निवडा, टेबल नंबरसकट कागदावर लिहून घ्या. कागदावरच, कारण आत हजारो लोक एकाच टॉवरवर असतात आणि फोनला रेंज मिळेल याची काही खात्री नसते. त्याच कारणाने थोडी रोख रक्कम ठेवा, शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा. यूपीआय सगळीकडे चालतं हो, पण तुमचं पेमेंट गोल गोल फिरत असताना मागे चार जण ताटकळतात आणि चित्रकाराला काय करावं कळत नाही.

बरोबर काय न्यायचं तर एक पोस्टर ट्यूब किंवा कडक पाठीचं ए३ फोल्डर. हे मी अगदी हात जोडून सांगतेय. एका वर्षी मी एक मोठी प्रिंट नुसती रबर लावून, गुंडाळी करून आणली आणि संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये ती माझ्या आणि एका बाईंच्या सॅकच्या मधे अशी चेपली की घरी उघडल्यावर मधोमध आडवी पांढरी घडी पडली होती, काळ्या शाईवरची घडी काही केल्या जात नाही. दुसरं म्हणजे एक कोरं स्केचबुक, जाड कागदाचं, दोनशे जीएसएमच्या वरचं मिळालं तर उत्तमच. ते कशाला ते पुढे सांगते. पाण्याची बाटली आणि साधे बूट, बस. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत तेव्हा घरून पोटभर पोहे-उपमा काहीतरी खाऊन निघा, आतले फूड स्टॉल महाग असतात आणि तिथे वाचलेल्या पैशात एक कॉमिक येतं.

नेस्कोत असेल तर लोकलने राम मंदिर स्टेशनला उतरून चालत जाता येतं, मेट्रोने यायचं तर गोरेगाव पूर्व. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते.

आणि सकाळ फार महत्त्वाची. दरवाजे उघडल्यावरचे पहिले दोन तास आर्टिस्ट अ‍ॅली शांत असते, लोक तेव्हा तिकिटाबरोबरचं किट घ्यायच्या आणि मोठ्या ब्रँडच्या रांगांत असतात. चित्रकार ताजेतवाने असतात, टेबल नुकतं मांडलेलं असतं, बोलायला त्यांनाही आवडतं. दुपारी तीननंतर तीच माणसं घसा बसलेली, जेवण टेबलाखाली उघडून दोन घास खाणारी अशी दिसतात. दोन-तीन दिवसांचं कॉन असेल तर पहिल्या दिवशी जा, म्हणजे कमिशनला, आपल्याला हवं ते चित्र काढून घ्यायला, जागा मिळते आणि कमी छापलेली कॉमिक्स संपलेली नसतात. शेवटच्या दिवशी स्वस्त मिळेल म्हणून थांबणारे लोक मी बघितलेत, तो हिशेब मला पटत नाही.

पहिली फेरी काहीही न घेता मारा. सगळ्या रांगा एकदा चालून या, नुसतं बघत, यादीत नसलेलं कोणीतरी हमखास सापडतं. मग दुसऱ्या फेरीत थांबायचं.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं. आपण कॉमिक वाचतो तेव्हा गोष्टीच्या मागे धावतो, चित्र डोळ्यांखालून निघून जातं. टेबलापाशी उभं राहिल्यावर एक पान उघडा आणि शब्द न वाचता बघा. नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली, खालच्या कोपऱ्यात पोचून पान उलटावंसं वाटलं का. हे आपोआप झालेलं नसतं, ती वाट चित्रकाराने आखलेली असते, कोणाचा हात कुठे दाखवतोय, कोणाची मान कुठे वळलीय, चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्या कुठे जाड कुठे बारीक ठेवल्यात, सगळं त्यासाठी. मग हात बघा. माणसाचे हात काढणं सगळ्यात अवघड, नवखा चित्रकार ते खिशात घालतो नाहीतर पाठीमागे लपवतो, आणि जो माणूस चहाचा ग्लास दोन बोटांत धरलेला हात नीट काढतो त्याच्या टेबलापाशी मी तरी थांबतेच. मग काळा रंग कुठे भरलाय ते बघा. डोळे थोडे बारीक केले की तपशील पुसट होतात आणि फक्त काळ्या-पांढऱ्याचे आकार उरतात, तेव्हा पान तोललेलं आहे की एका बाजूला कलंडलंय ते लगेच कळतं.

मूळ पान बघायला मिळालं तर सोडू नका. विचारायचं सरळ, "ओरिजिनल आहे का बघायला?" आता बरेच जण टॅबलेटवर काढतात, त्यांच्याकडे कागद नसतो, पण कागदावर काम करणारे अजून आहेत आणि कोणी आस्थेने विचारलं की ते टेबलाखालून फाइल काढतात. मूळ पान छापील पानापेक्षा साधारण दीडपट मोठं असतं, अमेरिकन मापात ११ बाय १७ इंचांचा कागद. मोठं काढून लहान छापलं की रेघा घट्ट होतात, थरथर झाकली जाते. कागदावर फिकट निळ्या पेन्सिलच्या रेघा दिसतील, त्या खोडलेल्या नसतात. जुन्या काळी छपाईसाठी जो कॅमेरा वापरायचे त्याच्या फिल्मवर फिकट निळा रंग उमटायचाच नाही, म्हणून कच्चं रेखाटन निळ्यात करायची पद्धत पडली, आता स्कॅन करताना तो निळा काढून टाकतात पण सवय राहिलीय.

मला एका टेबलावर असंच एक मराठी कॉमिकचं मूळ पान बघायला मिळालं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. संवादाच्या एका फुग्यावर कागदाचा छोटा तुकडा चिकटवलेला, कडा किंचित उचललेली. का म्हणून विचारलं तर त्या चित्रकाराने बोटाने दाखवलं, की आधी लिहिलं होतं तेव्हा वरच्या ओळीतल्या "तू"चा उकार खालच्या ओळीतल्या "मी"च्या वेलांटीला जाऊन टेकत होता. एवढ्यासाठी त्यांनी तो अख्खा फुगा पुन्हा लिहिला होता. देवनागरीत कॉमिक करायचं म्हणजे हे सगळं आलं, इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीची विटांसारखी बसतात, आपल्या अक्षरांना वर मात्रा-अनुस्वार-रफार आणि खाली उकार, त्यामुळे ओळींत जास्त जागा सोडावी लागते, फुगा मोठा होतो, आणि फुगा मोठा झाला की चित्राची जागा जाते. मग चित्रकाराला पहिल्यापासून फुग्याचा विचार करून माणसं उभी करावी लागतात. मराठी कॉमिक हातात घेतलंत तर फुगे जरूर बघा, अक्षर हाताने लिहिलंय की फॉन्ट टाकलाय, आणि "धडाम", "फटॅक", "खण्ण" असले आवाज कसे काढलेत. एकीने काढलेल्या "धडाम"मध्ये शिरोरेषाच मधून तडकलेली होती, काचेसारखी. हे शिरोरेषा असलेल्या लिपीतच जमतं.

मराठी टेबलं कमी असतात हे खरं. पण मराठी चित्रकार कमी नाहीत, निम्म्या टेबलांवर इंग्रजी कॉमिक मांडून बसलेला माणूस मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचा नाहीतर पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचा निघतो आणि तुम्ही मराठीत सुरू केलंत की चेहरा खुलतो. "मराठीत आहे का?" हे प्रत्येक ठिकाणी विचारा. नसेल तर नसेल, पण दिवसभरात पंधरा जणांनी तेच विचारलं तर पुढच्या वर्षी तो माणूस विचार करतो, हे मला एकाने स्वतः सांगितलंय. मराठी शहरी जगातून आलेली पात्रंही इथेच भेटतात, अभिजीत किणींची अँग्री मौशी याच वर्तुळातली, कॉमिक इंग्रजीत असलं तरी ती मौशी आपल्या मुंबईचीच.

आणि हे काही आत्ताचं नाही. अमर चित्र कथा १९६७ ला सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या काळातला 'कृष्ण' हा अंक राम वाईरकरांनी काढला, टिंकलमधला सुप्पंडी पण त्यांच्याच हातचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी कितीतरी पुस्तकं काढली आणि नागराज या सुपरहिरोचे सुरुवातीचे अंकही त्यांचेच. आपण सगळ्यांनी ती चित्रं लहानपणी मान खाली घालून तासन् तास बघितलीत, आणि काढणाऱ्याचं नाव विचारलं तर दहातल्या आठ जणांना सांगता येत नाही. त्या अमर चित्र कथेच्या अनंत पैंना २०११ च्या त्या पहिल्याच कॉनमध्ये जीवनगौरव दिला गेला आणि काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला, ते गेले. म्हणून माझा नियम आहे की जे विकत घेतलं त्यावर सही घ्यायची, आणि सही वाचता आली नाही तर शेजारी नाव नीट देवनागरीत लिहून द्यायला सांगायचं. घरी पाहुण्यांनी विचारलं की कोणी काढलंय, तर नाव सांगता आलं पाहिजे.

बोलायला लाज वाटत असेल तर एकच सोपी गोष्ट करा, एका ठरावीक चित्रावर बोट ठेवून विचारा. "मस्त आहे सगळं" म्हटलं की समोरचा थँक्यू म्हणतो आणि गप्पा तिथेच संपतात. "हा पाऊस कशाने काढलात?" म्हटलं की तो माणूस ब्लेडने शाई खरवडून दाखवतो. वयाने लहान असेल तर अरे-तुरे चालतं, मुलं स्वतःच म्हणतात की ताई अहो-जाहो नको, पण सुरुवात आदरानेच करा. दोन गोष्टी मात्र चुकूनही बोलू नका. एक, "आमच्या भाचीलाही असं येतं", आणि दुसरी, "जरा फुकटात काहीतरी काढून द्या ना पटकन". गर्दी झाली, मागे कोणी पैसे काढून उभं राहिलं, की बाजूला व्हा, त्यांचा धंद्याचा वेळ आहे तो. नंतर परत या.

कमिशन म्हणजे आपल्याला हवं ते चित्र तिथल्या तिथे काढून घेणं. टेबलावर दर लिहिलेले असतात, नुसता चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण, रंगीत की काळं-पांढरं. सकाळीच नाव नोंदवा, पैसे आधी द्या, ज्याचं चित्र हवंय त्याचा फोटो फोनवर उघडून तयार ठेवा आणि किती वाजता परत यायचं ते विचारा. तुमचं स्वतःचं स्केचबुक इथे कामाला येतं, एकाच वहीत दरवर्षी दोन-तीन चित्रकारांकडून एकेक पान भरून घ्यायचं, सगळ्यांना विषय एकच द्यायचा. माझ्या वहीचा विषय "पाऊस" आहे, आणि आता ती वही माझ्या घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे. मार्करची शाई मागच्या पानावर उतरते तेव्हा मधे एक जाड पुठ्ठा सरकवून मगच द्या.

आणि शक्य असेल तर काढत असताना तिथेच उभं राहा, परवानगी विचारून, उजेड न अडवता. एका मुलीने आजीचा फोटो देऊन चित्र सांगितलं होतं, मी शेजारी उभी होते. चित्रकाराने आधी निळ्या पेन्सिलने एक अंडाकृती काढली, दोन आडव्या रेघा, बस. मग ब्रश पेन उचललं आणि अंबाड्यापासून सुरुवात केली, चेहऱ्यापासून नाही. अंबाड्याची रेघ वर केसाएवढी बारीक, खाली मानेकडे येता येता जाड झाली, एकाच ओढीत, आणि ती ओढताना हात फिरला नाही, डाव्या हाताने त्याने कागदच फिरवला. मग नथ, तीन ठिपके. मग चष्म्याची दांडी. डोळे शेवटी काढले आणि त्याआधी फोनवरचा फोटो उचलून बराच वेळ बघत राहिला, आजूबाजूला लाउडस्पीकरवर काय काय चाललेलं, त्याला काही ऐकूच येत नव्हतं बहुतेक. दोन डोळ्यांना चार रेघा लागल्या. ती मुलगी एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "आजी अशीच बघायची." सगळं मिळून वीस मिनिटं. पुढच्या वेळी कोणी म्हणालं ना की एवढ्याशा स्केचचे एवढे पैसे, तर त्याला मी हे सांगते.

भाव करू नका. टेबलाचं भाडं, छपाई, प्रवास, राहणं, दोन-तीन दिवस बुडालेलं दुसरं काम, हे सगळं त्या प्रिंटच्या किमतीत असतं. मी बघितलंय त्यानुसार स्टिकर पन्नास-शंभरला मिळतात, ए४ प्रिंट दोन-तीनशेच्या आसपास, पातळ कॉमिकही साधारण तसंच, तेव्हा खिशात हजार रुपये असले तरी तीन-चार चित्रकारांकडून काहीतरी घेता येतं. माझं मत विचाराल तर प्रिंटपेक्षा कॉमिक घ्या, आणि दुसऱ्याच्या सुपरहिरोच्या फॅन आर्टपेक्षा त्या चित्रकाराचं स्वतःचं पात्र घ्या. फॅन आर्ट खपतं म्हणून सगळे ठेवतात, पण मनापासून केलेलं काम बऱ्याचदा टेबलाच्या कडेला, एका छोट्या गठ्ठ्यात असतं, "तुमचं स्वतःचं कुठलं?" असं विचारलं की तो गठ्ठा पुढे येतो. हल्ली एआयने बनवलेल्या प्रिंटही काही ठिकाणी दिसतात. शंका आली तर कच्चं रेखाटन दाखवा म्हणा, ज्याने हाताने काढलंय तो आनंदाने दाखवेल.

काहीच घ्यायचं नसेल तरी चालतं, खरंच. पण मग प्रिंटचे फोटो काढत फिरू नका. फोटो काढायचा असेल तर विचारा, आणि पोस्ट करताना चित्रकाराचं हँडल टाका.

कॉस्प्लेवाले, म्हणजे पात्रांचे पोशाख करून येणारे, पण कलाकारच आहेत, त्यांना विसरू नका. ते चिलखत दुकानातून आलेलं नसतं, ईव्हीए फोम कापून, हीट गनने वाकवून, फेविकॉल एसआरने चिकटवून महिनोन् महिने घरी केलेलं असतं. फोटोसाठी आधी विचारायचं, अंगाला, पोशाखाला हात लावायचा नाही, आणि "हे कसं बनवलंत" म्हणून विचारलंत तर पाच मिनिटं तरी मजेत जातील.

मुलांना नेत असाल तर त्यांच्या हातात दोनशे रुपये द्या आणि सांगा की हे फक्त आर्टिस्ट अ‍ॅलीत खर्च करायचे, काय घ्यायचं ते तूच ठरव. माझी नऊ वर्षांची भाची पाऊण तास फिरली, शेवटी तिने एका ताईकडून मांजरांचं बारकं कॉमिक घेतलं, आठ पानांचं, घरी स्टेपल केलेलं. त्या ताईने तिला एका ए४ कागदाला घड्या घालून, मधे एक काप देऊन, आठ पानी पुस्तक कसं होतं ते करून दाखवलं. त्या रात्री आमच्याकडे प्रिंटरमधले सगळे कागद संपले.

घरी आल्यावर प्रिंट लगेच ट्यूबमधून काढा, दोन स्वच्छ कागदांच्या मधे घालून जाड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवा, सपाट होतात. फ्रेम करायची तर फ्रेमवाल्याला सांगा की काच चित्राला चिकटू देऊ नको, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाल, नाहीतर पावसाळ्यात आपल्या दमट हवेत शाई काचेला धरते. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. आणि आणलेली कॉमिक्स आठवड्याभरात वाचून काढा, मग प्रत्येकाच्या व्हिजिटिंग कार्डावरच्या आयडीवर एक मेसेज टाका, दोन ओळींचा, अमुक पानावरची अमुक चौकट आवडली एवढं जरी लिहिलं तरी चालेल, पान नंबर मात्र टाका. मी असा मेसेज केला होता एका कॉमिकच्या अकराव्या पानाबद्दल, उत्तर आलं रात्री दीड वाजता, "ते पान मी चार वेळा काढलं होतं."